दरवर्षीचा डोंगरातला मुक्काम : १४ जण, जानेवारी, मुंबईहून. राजमाची की हरिश्चंद्रगड?

पाचवा_डबा
मंडळी, आमच्या कंपूचा जानेवारीत एक रात्र डोंगरात काढायचा शिरस्ता आहे. आतापर्यंत पवना तलावाकाठी तयार तंबू घ्यायचो. यंदा तंबू आपले, स्वयंपाक आपला असं ठरतंय. एकूण १४ जण : १० धडधाकट, ९-१० वर्षांची ३ मुलं आणि ६४ वर्षांचे एक काका. त्यांचे गुडघे कुरकुरतात, पण मागे राहायला ते तयार नाहीत. निम्मे लोक ठाणे-डोंबिवलीचे, बाकी परळ-दादरचे. शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्रीपर्यंत घरी यायचंय.

राजमाची की हरिश्चंद्रगड यावरून ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. तंबू किती, पाणी किती, शिधा किती, गाडी करावी की लोकलने जावं आणि आयत्या वेळी टांग देणाऱ्यांचं काय करावं, सगळं सांगा. 'कुठेही जा, मजा येईल' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

कातळटप्पा
गड आधी ठरवून पाण्याचं मग बघू, असं करू नका. उलट करा. पाणी कुठे आहे आणि रात्री दोन वाजता कुणाला खाली आणायची वेळ आली तर वाट कोणती, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की जागा आपोआप ठरते.

पाण्याचा हिशेब असा. मुक्कामाला पोचल्यापासून दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत माणशी : प्यायला अडीच लिटर, चहा-स्वयंपाकाला एक, भांडी आणि हात-तोंड धुवायला एक. म्हणजे साडेचार लिटर. १४ जणांचे ६३, सांडलवंड धरून ७० लिटर. चढताना प्यायचे माणशी दोन लिटर वेगळे, तेही घरूनच भरून घ्या. ७० लिटर म्हणजे ७० किलो, ते पाठीवर नेता येत नाही. म्हणून मुक्काम पाण्यापासून पाच-दहा मिनिटांवर हवा आणि घडी होणारे पाच-पाच लिटरचे चार कॅन हवेत. वीस लिटरचा जार नेऊ नका. एकट्याला पेलवत नाही, आणि दोघांनी धरला की वाटेत कुणाचा तरी पाय मुरगळतो.

तुमच्या मंडळींसाठी राजमाची. पायथ्याचं उधेवाडी गाव श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या कुशीत, माचीवरच (बालेकिल्ल्यांखालच्या सपाटीवर) आहे. शेजारी तळं आणि गोंधेश्वराचं देऊळ आहे. गावात घरगुती जेवण मिळतं, अंगणात किंवा शेतात तंबू लावू देतात, आणि मुख्य म्हणजे संडास आहेत. चौदा जणांत बायका-मुलं असतील तर हा मुद्दा किल्ल्याच्या इतिहासाहून मोठा आहे. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे १५-१६ किलोमीटरचा कच्चा रस्ता येतो. कोरड्या मोसमात जीप वर येते, साध्या कारचं पोट मात्र घासतं. काका आणि सामान जीपने, बाकीचे कर्जत-कोंदिवड्याहून कोंढाणे लेण्यांवरून चढून, अशी विभागणी करा. ती चढण मुलांसह साडेतीन-चार तासांची धरा. कोंदिवड्याहून सकाळी नऊच्या आत पाय उचला, कारण दुपारी या बाजूला ऊन सणसणीत लागतं.

हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट सर्वांत सोपी, अडीच-तीन तासांची. पण मुंबईहून कसारा-घोटी-राजूर करत पाचनईला पोचायलाच पाचेक तास जातात. जानेवारीत सव्वासहाच्या पुढे सूर्य मावळतो, म्हणजे तीनच्या नंतर चढायला लागलात तर शेवटचा टप्पा अंधारात. आणि वर जीप जात नाही. काकांचा गुडघा धरला तर झोळी करून उतरवायचे.

माचीवरचा_वारा
कातळटप्पा यांचं म्हणणं काकांपुरतं मान्य. पण मुलांसाठी पाचनई अवघड नाही, आणि गडावरच्या देवळाजवळ स्थानिक लोक झोपड्यांतून जेवण आणि तंबू देतात, त्यामुळे पाठीवर ओझं कमी. कोकणकडा एकदा तरी दाखवायलाच हवा. जाणार असाल तर तंबू देवळाच्या बाजूला लावा, कड्याच्या काठावर नको. खालून कोकणातला वारा कड्याला थडकून वर उसळतो, हलकी वस्तू फेकली तर परत वर येते. रात्री लघवीला उठलेला माणूस झोपेत कुठल्या दिशेने चालेल सांगता येत नाही. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, शेकोटीचा विचारही करू नका. ३१ डिसेंबरच्या आसपास तर दोन्हीकडे जाऊ नका, गडापेक्षा स्पीकर उंच असतात.

दशमी_चटणी
शिधा मी सांगते. १४ जण, शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ.

शनिवारी दुपारी चूल पेटवायचीच नाही. दशम्या, तिळाची चटणी, लोणचं, गूळपोळी. दशमीची कणीक दुधात भिजवायची, ती दोन दिवस मऊ राहते. माणशी तीन दशम्या पुरतात, मुलांना दोन.

रात्री मुगाची खिचडी. तांदूळ सव्वा किलो, डाळ ६०० ग्रॅम, कांदे-बटाटे एक-एक किलो, तेल पाव लिटर, तूप पाव किलो. गोडा मसाला, हळद, मीठ घरूनच एका डबीत मोजून मिसळून आणा, अंधारात पुड्या शोधत बसायला लागत नाही. पाणी साधारण आठ लिटर जातं. ही खिचडी एका मोठ्या पातेल्यात करू नका. आठ-आठ लिटरची दोन पातेली घ्या. दहा लिटरच्या वर पातेलं गेलं की छोट्या शेगडीवर बूड करपतं आणि वर तांदूळ कच्चा राहतो, कारण ज्योत मधल्या वीतभर जागेतच लागते.

राजमाचीवर उंचीचा फरक फार जाणवत नाही, पण हरिश्चंद्रगडासारख्या १४०० मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. डाळ पोचल्यापोचल्या भिजत टाका, अर्धा-पाऊण तास पुरे. तुरीची डाळ तर नेऊच नका. कुकर न्यायचाच असेल तर पाच लिटरचा, आणि झाकणाची रबर रिंग जादा घ्या. ती घरी विसरली की कुकरचं पातेलं होतं.

सकाळी पोहे सगळ्यांना सुचतात, पण पोहे भिजवायलाच दोन-तीन लिटर पाणी जातं. त्याऐवजी एक किलो रवा घरी तेलावर भाजा, मोहरी-उडीदडाळ-कढीपत्त्याची फोडणी त्यातच परता, पूर्ण गार करून डब्यात भरा. वर गेल्यावर तीन लिटर उकळत्या पाण्यात मीठ-साखर घालून हा रवा सोडायचा आणि पाच मिनिटं झाकून ठेवायचा. रवा कोमट असताना झाकण लावलंत तर आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो.

चहा : एका वेळी पावणेदोन लिटर पाणी, पावणेदोनशे ग्रॅम दूध पावडर. पावडर उकळत्या चहात टाकली की गुठळ्या होतात. वाटीभर कोमट पाण्यात कालवून मगच ओता. पत्ती आणि साखर दोन्ही वेळची दोन पिशव्यांत वेगळी भरा, नाहीतर पहिल्याच रात्री तिसरा चहा होऊन सकाळी सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

पाचवा_डबा
दशमी_चटणी ताई, हे छापूनच घेतो. काकांमुळे राजमाची पक्की झाली. एक विचारतो : ५ किलोचा छोटा सिलिंडर आणि एक शेगडी आमच्याकडे आहे. सामान दोघांनी लोकलने कर्जतला नेलं तर चालेल का?

कातळटप्पा
नाही. रेल्वेत गॅस सिलिंडर, रॉकेल, पेट्रोल, स्टोव्ह काहीही नेणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तुरुंगवासाची तरतूद आहे. ट्रेकिंगची छोटी गॅसची डबी म्हणजे गॅसच, तिला वेगळा न्याय नाही. गॅस फक्त आपल्या गाडीतून न्यायचा. शिवाय ५ किलोचा सिलिंडर भरलेला १२-१३ किलोंचा होतो. जीपने उधेवाडीत न्या, चढवू नका.

छोट्या डब्या वापरणार असाल तर २३० ग्रॅमच्या चार घ्या : खिचडीला दीड-पावणेदोन, दोन्ही वेळच्या चहाला आणि उपम्याला मिळून एक, बाकी राखीव. वारा नसेल तर एका डबीवर बारा-पंधरा लिटर पाणी उकळतं, वाऱ्यात निम्मंच. वारा अडवायला लोक डबीभोवती पत्र्याचा आडोसा गोल लावतात, ते अजिबात करू नका. उष्णता आत कोंडून डबी तापते आणि फुटू शकते. आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूने, हातभर अंतरावर. आणि डबीवर थेट बसणाऱ्या शेगडीवर खिचडीचं आठ लिटरचं पातेलं ठेवू नका, हमखास कलंडतं. त्या कामाला नळीची बसकी शेगडी.

टेंट_पेग
तंबूंबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 'तीन माणसांचा' तंबू म्हणजे दोन माणसं आणि दोन सॅक. १४ जणांना असे सात. आई-बाप आणि एक मूल एका तंबूत मावतं, मग सहात भागेल, पण सॅक बाहेर राहतील आणि दवाने ओल्या होतील. जानेवारीत पाऊस नसला तरी वरचा फ्लाय (तंबूवरचं बाहेरचं कापड) काढू नका. तंबूत पहाटे पाणी ठिबकतं ते गळकेपणामुळे नाही, आपल्याच श्वासाची वाफ थंड कापडाला लागून पाणी होतं. वरच्या खिडक्या चार बोटं उघड्या ठेवा.

माचीवर मातीचा थर पातळ, खाली कातळ. पेग (दोरी ताणायचा खुंटा) अर्धाच जातो. हातोडी मारत बसलात तर वाकतो, मारू नका. दोरी हातभर काटकीला मध्यावर बांधा, काटकी आडवी ठेवून तिच्यावर दहा-बारा किलोचे दोन दगड. पेग जात असेल तिथे ४५ अंशांत, डोकं तंबूपासून लांब झुकलेलं. दर तंबूमागे दोन पेग जादा घ्या. पेग आणि दोऱ्या घरी मोजा, एकदा तंबू गच्चीवर उभे करून बघा. भाड्याच्या तंबूत एक खांब कमी निघणं हा प्रकार जागेवर पोचल्यावरच कळतो.

थंडी वरून लागते त्याहून जास्त खालून लागते. दोन ब्लँकेटं पांघरण्यापेक्षा एक ब्लँकेट आणि खाली ८-१० मिलिमीटरची फोमची मॅट. प्लास्टिकची ताडपत्री तंबूखाली घातली तर तिचे काठ तंबूच्या खालीच मुडपा. बाहेर राहिले की दवाचं पाणी गोळा होऊन आत येतं.

रात्री दाराची झिप पूर्ण बंद. मण्यार रात्री फिरतो आणि झोपलेल्या माणसाला चावतो, दंश बारीक असतो, दुखत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. बूट तंबूत ठेवा, बाहेर राहिलेच तर सकाळी आपटून घाला. चावलंच तर करकचून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. हात-पाय काठीला बांधून हलू देऊ नका आणि लगेच सरकारी दवाखाना. १०८ वर फोन करा, पण गाडी उधेवाडीपर्यंत येईल या भरवशावर बसू नका. म्हणून जीपवाल्याला रात्री गावातच थांबवा, त्याचा रात्रीचा भत्ता वाचवू नका. जिच्या भरवशावर राजमाची निवडली ती जीपच लोणावळ्यात झोपायला गेली तर काय उपयोग?

शेकोटी गावकरी सांगतील त्याच जागी, घरमालकाला विचारून. भोवतीचं वाळलं गवत चारी बाजूंनी तीन मीटर काढा. ओल्या किंवा ओढ्यातल्या दगडांची चूल मांडू नका, आतल्या पाण्याची वाफ होऊन दगड तडकतो आणि तुकडे उडतात. झोपताना पाणी ओतून, काठीने ढवळून, उलटा हात जवळ नेऊन ऊब उरली का बघा. जानेवारीतल्या वणव्यांना वाळल्या गवतात उडालेली एक ठिणगी पुरते.

हिशेबनीस
टांगारूंचं. तारीख ठरली की २१ दिवस आधी अंदाजी खर्चाचा निम्मा भाग यूपीआयने एकाच माणसाकडे. हे पैसे परत मिळणार नाहीत, असं ग्रुपवर पहिल्याच दिवशी लिहा. मागाहून लिहिलंत की भांडण. बदली माणूस आणला तर पैसे त्या दोघांनी आपसात बघावेत.

खर्च दोन ढिगांत मांडा. जीप, तंबूभाडं, रात्रीचा भत्ता हा ठरीव खर्च, माणसं कमी झाली तरी तेवढाच. शिधा आणि जेवण माणशी. ठरीव खर्च कायम १२ डोक्यांवर वाटा, १४वर नाही. दोघं गळणारच, उरले तर परत द्या. मुलांचं तंबूभाडं अर्धं, जेवण पूर्ण. डोंगरातून आल्यावर मुलं मोठ्यांपेक्षा जास्त खातात.

सगळ्यांनी एकाच गाडीने जायचं असेल तर १७ आसनी टेम्पो ट्रॅव्हलर बघा, पण तो लोणावळ्यापर्यंतच, पुढे जीप. बाहेरगावचे गाडीवाले बहुतेक दिवसाला २५०-३०० किलोमीटर किमान धरतात, गाडी उभी राहिली तरी. दोन दिवसांचे किमान पैसे, चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग हे सगळं एका ओळीत लिहून मागा. तुमच्या बेतात लोकल आणि जीप हीच जोडी स्वस्त पडेल.

पाचवा_डबा
ठरलं. काका, मुलांपैकी सर्वांत लहान, गॅस, तंबू जीपने. बाकीचे कर्जत लोकल. परत येताना लोणावळा की कर्जत?

कातळटप्पा
परतताना कोंदिवड्याकडे उतरू नका. थकलेल्या पायांना ती उतरण जड जाते आणि मुलं घसरतात. रविवारी नाश्ता झाला की तंबू उन्हात पसरा, सुकले की घड्या, आणि दहापर्यंत लोणावळ्याकडे चाला. जीप दोन फेऱ्या मारत असेल तर मुलं आणि दमलेले पहिल्या फेरीत. लोणावळ्याहून मुंबईची गाडी पकडायची तर आरक्षण शनिवारी नाही, तारीख पक्की झाली त्याच दिवशी करा, रविवारच्या संध्याकाळी जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते. आणि कल्याणला उतरून पुढे लोकलने जायचं ठरलं तर आदल्या रात्री मेगाब्लॉकची (रविवारी दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात ती) वेळ बघून ठेवा. ब्लॉक बहुधा दुपारी उशिरापर्यंत चालतो आणि त्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन गाड्या तुडुंब भरून येतात.