न्यायाधीश आधीच ठरवून बसतात का?

‘पोटगीत न्यायाधीश कायम बायकोच्याच बाजूने’ हे मत मला पटत नाही. माझा चुलतभाऊ रत्नागिरीत मिरकरवाड्याला बोटीवर खलाशी आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हातात दमडी नसते. हे त्याने पोटगीच्या केसमध्ये सुरुवातीला मांडलंच नाही, म्हणून हंगामातल्या कमाईवर पोटगीची रक्कम ठरली. पुढे बोटमालकाच्या वहीतली, खाऱ्या पाण्याने फुगलेली त्याच्या वाट्याच्या हिशोबाची पानं जोडून अर्ज केला. न्यायाधीशबाईंनी पानन् पान वाचलं आणि रक्कम कमी केली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या पोटगीवरच्या निकालापासून नवरा-बायको दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते वकिलावर सोडू नका, स्वतः बसून भरा. पुरुषांची घुसमट खरीच आहे. भाऊ रात्र रात्र जेटीवर बसून असायचा.