‘बोलणं रांगडं, पण मन मऊ’ ही सबब किती दिवस चालवायची?

कृष्णाकाठ (वाळवा):
सातारा-सांगलीकडच्या माणसाबद्दल आपण सगळेच कौतुकानं सांगतो की तोंडानं फटकळ, पण आतनं मायाळू. मला हे हल्ली खटकतं.

सध्या आमच्या शिवारात ऊसतोड चालू आहे. कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या बघणारा पोरगा, बांधावर आला की लगेच खुर्ची झटकून पुढं होते, "या साहेब, चहा घ्या." त्याच बांधाला बीडकडची एक बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढत असते. तिला हाक काय, तर "ए, हल की जरा, झोपलीस का काय?" चिटबॉय पंचविशीतला, बाई त्याच्या आईच्या वयाची. रांगडेपणा हा खरंच स्वभाव असता तर तो दोघांनाही सारखाच भेटला असता. पण तो माणूस बघून बदलतो. ज्याच्याकडं आपलं काम अडलेलं असतं त्याच्याशी आपल्याला मऊ बोलता येतं, अगदी झकास येतं.

सौम्यपणा म्हणजे गोडबोलेपणा नव्हे, भित्रेपणा तर नव्हेच. जो उलट बोलू शकत नाही त्याच्यापुढं आपला आवाज कसा असतो, त्यावरनं तो कळतो. आणि "मन चांगलंय हो त्याचं" हे त्या बाईनं कशावरनं ओळखायचं? तिच्या वाट्याला तर नुसतं बोलणंच येतं.

बांधावरचा (पलूस):
लिहायला बरं वाटतंय. तोड लांबली की ऊस वाळतो, वजन घटतं, नुकसान शेतकऱ्याचं. त्यात तोडणाऱ्या टोळीला खुशाली म्हणून वरचे पैसे द्या, ड्रायव्हरला एन्ट्रीचे वेगळे द्या. मऊ बोलणाऱ्याकडनं जास्त उकळतात, हा आमचा अनुभव आहे. कडक राहिलं तरच फड वेळेत मोकळा होतो.

आणि २०१९ चा पूर आठवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ च्या वर. म्हातारी माणसं घर सोडायला तयार नव्हती. त्यांना शिव्या घालून, प्रसंगी उचलून होडीत घातलं ते याच रांगड्या पोरांनी. तेव्हा कुणी त्यांची भाषा तपासली नाही.

कृष्णाकाठ:
पुराचं सोळा आणे खरं. जीव वाचवताना आवाज चढतो, त्याला कोण नावं ठेवील? त्या शिवीत काळजी होती आणि ऐकणाऱ्यालाही ती कळत होती. पण रोज सकाळी फडात काही पूर आलेला नसतो. खुशालीचा वाद पैशाचा आहे, तो मुकादमाशी घाला, हवा तेवढा कडक घाला. मोळी वाहणारी बाई त्या बोलण्यात कुठं असते? तिच्यावर का निघतो तो राग?

गुरुजी_सातारा:
शब्दांवर फार जोर देताय असं वाटतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीला जेवायची. पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. आजही त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेला माणूस अण्णांचं, म्हणजे कर्मवीरांचं, नाव काढताना याच गोष्टी सांगतो. माया ही अशी हातानं करायची गोष्ट आहे. बोलणं मागाहून.

सांगलीची_लेक:
आमच्याकडं जैनांत भाद्रपदात दशलक्षण पर्व असतं. पहिला दिवस उत्तम क्षमेचा, दुसरा उत्तम मार्दवाचा, म्हणजे नम्रतेचा. क्षमा क्रोधाविरुद्ध आणि मार्दव मानाविरुद्ध, म्हणजे गर्वाविरुद्ध, अशी ती मांडणी आहे. लहानपणापासून प्रवचनात ऐकलेले आठ मद, म्हणजे गर्वाचे आठ प्रकार, आहेत: ज्ञानाचा, मानमरातबाचा, कुळाचा, जातीचा, बळाचा, संपत्तीचा, रूपाचा आणि तपाचासुद्धा. उपास करणाऱ्यालाही त्याचा गर्व चढू शकतो, हे त्यात धरलेलं आहे, ते मला फार मोलाचं वाटतं.

म्हणून पुरातल्या पोरांचं ओरडणं मला मार्दवाला सोडून वाटत नाही आणि बांधावरची ती "ए" वाटते. पण कृष्णाकाठ, तुमचंही मला पूर्ण पटलेलं नाही. घरकामाच्या बाईला "अहो मावशी" म्हणायचं आणि तिचा चहाचा कप खिडकीत वेगळा ठेवायचा, अशी घरं आपल्या शहरात आहेत. तिथं आवाज अजिबात चढत नाही. आवाजावर गेलात तर हीच माणसं सौम्य ठरतील.

कृष्णाकाठ:
कपाचं पटलं. असा माणूस माझ्या लेखी सौम्य नाहीच. पण कप वेगळा ठेवणारा चुकतो म्हणून "ए" म्हणणारा बरोबर ठरत नाही ना?

माणदेशी_पोरगी:
आमच्या घरातनं वर्षानुवर्षं तोडीला गेलेत, म्हणून बोलते. मी आईबरोबर फडावर राहिलेय. आम्हाला आधी काय हवं असायचं? मोटर चालू असताना घागर भरू द्यावी, खोपीसाठी चिखल नसलेली जागा द्यावी, कोयत्यानं हात कापला तर कुणीतरी गाडीवर बसवून दवाखान्यात न्यावं. शिव्या देणारा पण पाणी भरू देणारा मालक, आणि ताई-ताई करत मोटर बंद करणारा मालक, यात आम्ही पहिला निवडू. तुम्ही भाषेवर चर्चा करताय, चांगलंय, पण पाण्याचं आधी बघा.

आणि एक. सौम्य राहा हे आम्हा बायकांना जन्मापासून ऐकवलं जातं. टोळीतल्या बाईला तर आवाज काढायची सोयच नाही. तिच्या गप्प बसण्याला कुणी सोशिकपणा म्हणून नावाजू नका.

गुरुजी_सातारा:
ताई, हेच म्हणायचं होतं. तुम्ही नेमकं मांडलंत.

बांधावरचा:
पाण्याला मी कधीच कुणाला नाही म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. पण "ए" म्हटल्यानं माणूस हलका होतो हे मला अजून पटत नाही. आमच्यात सख्ख्या थोरल्या भावालाही "ए दादा" म्हणतात. त्यात अपमान कुठनं आला?

कृष्णाकाठ:
थोरल्या भावाला तुम्ही "ए" म्हणता, तसा तोही तुम्हाला "ए" म्हणतो. उद्या टोळीतल्या माणसानं बांधावरनं तुम्हाला "ए, पाण्याची मोटर चालू कर" अशी हाक मारली तर चालेल का? एवढंच सांगा.