एमजीबीचा गिअरबॉक्स : पहिल्या तीन गिअरला घरघर, चौथ्यात शांत. उतरवू की नको?

अर्धाइंची_पाना

नमस्कार मंडळी, माझ्याकडे १९६९ची एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार) आहे, मामांची होती, आता माझ्या गळ्यात आहे. गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनचे फेरे कमी ठेवणारं जादा युनिट) नाही, साधा चार गिअरचा. इंजिन मस्त चालतंय पण गिअरबॉक्सने डोकं खाल्लंय. गाडी उभी, न्यूट्रलला, क्लचवरून पाय काढला की खालून घरघर येते, क्लच दाबला की बंद. चालवताना पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्याला आवाज वाढतो आणि चौथा टाकला की जवळजवळ गायब, म्हणजे इतका शांत की वाटतं उगाच घाबरलो. शिवाय दुसरा टाकताना कर्रर्र होतं, खासकरून सकाळी पहिल्यांदा, आणि तिसऱ्यात असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला की लिव्हर कधीकधी स्वतःच न्यूट्रलला येऊन बसतो.

एकाने सांगितलं जाड ऑईल घाल, दोन वर्षं निघतील. दुसरा म्हणतो रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) गेलंय. मी आतापर्यंत कार्ब्युरेटर आणि ब्रेक स्वतः केलेत, गिअरबॉक्स कधी उघडला नाही. फक्त गिअरबॉक्स खालून उतरवता येतो का? घरी करण्यासारखं आहे की द्यावा कुणाकडे?

ले_शाफ्ट_काका

अरे रिलीज बेअरिंग नाही ते. एमजीबीला रिलीज बेअरिंग म्हणजे कार्बनची रिंग असते, ती क्लच दाबल्यावरच प्रेशर प्लेटला टेकते, त्यामुळे तिचा आवाज पाय दाबल्यावर आला असता, तुझा तर उलट जातोय.

आता नीट बघ. न्यूट्रलला क्लच सोडलेला असला की इंजिनकडून येणारा इनपुट शाफ्ट फिरतो आणि त्याच्याबरोबर खालचा लेगिअर, म्हणजे ले-शाफ्टवर बसलेला गिअरांचा संच, फिरतो. क्लच दाबलास, दोघं थांबले, आवाज थांबला. म्हणजे दोषी या दोघांपैकीच कुणीतरी. पुढे, पहिल्या तीन गिअरला सगळा जोर लेगिअरमधून जातो, चौथा मात्र डायरेक्ट, इनपुट शाफ्ट आणि चाकांकडे जाणारा मेनशाफ्ट सरळ एकमेकांत अडकतात, लेगिअर तेव्हाही फिरतोच पण त्याच्यावर लोड नसतो. म्हणून चौथ्यात शांत. इनपुटचं बेअरिंग गेलं असतं तर चौथ्यातही काहीतरी बोललं असतं. माझा हात ले-शाफ्ट आणि त्याच्या नीडल बेअरिंगवर (सुईसारख्या बारीक रोलरांचं) आहे. उघडलास की शाफ्टवर नीडल जिथे फिरतात तिथे नख फिरव, खड्डे लागतील, देवीच्या व्रणांसारखे. तसे लागले तर शाफ्ट आणि नीडल दोन्ही नवीन, नुसते नीडल बदलून उपयोग शून्य.

दुसऱ्याचं कर्रर्र म्हणजे सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी) झिजली. तिसरा सुटतो त्याला कारणं तीन-चार असतात, डिटेंटची (गिअर जागेवर धरून ठेवणारी) स्प्रिंग दमली, गिअर सरकवणारा सिलेक्टर फोर्क झिजला, नाहीतर सिंक्रो हबचे दाते गोल झाले, ते उघडल्याशिवाय कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, आणि जो सांगेल त्याच्याकडे गिअरबॉक्स देऊ नकोस.

जाड ऑईलचा सल्ला विसर. आवाज दबेल आणि ले-शाफ्टची वाट लागायचं काम आतल्या आत चालू राहील.

अर्धाइंची_पाना

काका एकदम पटलं, चौथ्याचं कोडं तीन महिने सुटत नव्हतं. म्हणजे खोलणं आलंच. आता उतरवायचं सांगा कुणीतरी, खाली झोपून बघितलं तर जागाच दिसत नाहीये.

टनेलवाली

जागा नाहीच आहे ती, तुझे डोळे बरोबर आहेत :) ट्रायम्फ स्पिटफायरला सीट आणि आतलं टनेल (दोन सीटमधला, गिअरबॉक्सवरचा उंचवटा) कव्हर काढलं की गिअरबॉक्स केबिनमधूनच बाहेर येतो, एमजीबीला तो लाड नाही. टनेल बॉडीचाच भाग आहे आणि बॉक्स मागे सरकवायला पुरेशी जागा नाही, त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून एकत्र वर काढायचं. भीती वाटते पण खरं सांगते, पहिल्यांदा मी इंजिन वेगळं काढलं आणि मग गिअरबॉक्सशी कुस्ती खेळले, दुसऱ्यांदा दोन्ही एकत्र काढलं, दुसरी पद्धत कितीतरी सोपी.

रेडिएटर बाहेर. प्रोपशाफ्टच्या (मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) फ्लँजवर खूण करून चार बोल्ट काढ म्हणजे बसवताना तसाच बसेल. स्पीडो केबल, रिव्हर्स लाइटच्या वायरी. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर पाइपसकट तसाच सोडवून बाजूला बांधून ठेव, पाइप उघडायची गरज नाही, फक्त नंतर कुणाला पेडल दाबू देऊ नकोस. आमच्याकडे भाच्याने "इंजिन नाही तर पेडल किती हलकं" बघायला दाबलं आणि पिस्टन टण्णकन बाहेर, सगळीकडे ब्रेक ऑईल. आणि गिअर लिव्हर आतून काढ. हसू नकोस, चेन ब्लॉकने ओढतोय ओढतोय, काही केल्या येईना म्हणून अर्धा तास इंजिन माउंट तपासणारे लोक मी पाहिलेत, लिव्हर टनेलच्या भोकात अडकलेला असतो.

ऑईल आधी काढ. बाहेर येताना सगळं लटांबर शेपटी खाली करून तिरकं होतं, ऑईल राहिलं तर सांडून थेट तुझ्या बुटात. गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर (आधाराची आडवी पट्टी) सोडण्याआधी बॉक्सला जॅकचा टेकू दे. ते बोल्ट बसवायला इतके कंटाळवाणे आहेत की त्यावर मी बोलतच नाही. आणि पाने इंची लागतात, पण तुझं नावच बघता ते तुला सांगायला नको.

ले_शाफ्ट_काका

टेबलावर आल्यावरचं मी लिहितो. आधी एक डमी ले-शाफ्ट करून घे, लेगिअरच्या लांबीएवढा आणि खऱ्या शाफ्टपेक्षा किंचित बारीक सळईचा तुकडा, कुठलाही लेथवाला करून देईल. खरा शाफ्ट ठोकताना मागोमाग डमी आत सरकवायचा, म्हणजे नीडल जागेवर राहतात आणि लेगिअर अलगद खाली केसिंगच्या तळाशी बसतो. तो खाली गेल्याशिवाय मेनशाफ्ट बाहेर येत नाही. जुळवताना उलटं, नीडल ग्रीसने चिकटवायचे, डमी घालायचा, लेगिअर तळाशी ठेवायचा, मेनशाफ्ट आणि इनपुट बसले की लेगिअर वर उचलून खऱ्या शाफ्टने डमीला ढकलत बाहेर काढायचं. हे पहिल्यांदा जमायला माझी अख्खी दुपार गेली होती, थ्रस्ट वॉशर दर वेळी घसरून खाली पडायचा.

थ्रस्ट वॉशरवरून आठवलं, लेगिअरचा एंड फ्लोट (मागेपुढे सरकायची मोकळीक) मोज, दोन ते तीन थाऊ (इंचाचे हजारावे भाग) हवा, म्हणजे ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर. वॉशर वेगवेगळ्या जाडीत मिळतात, फीलर गेज लावून जो बसेल तो घालायचा, अंदाजाने नाही.

सिंक्रो हबवरून स्लीव्ह सरकवशील तेव्हा भोवती फडकं गुंडाळ. आत स्प्रिंगवर गोळ्या बसलेल्या असतात, त्या बंदुकीसारख्या उडतात आणि कपाटाखाली जातात. आणि काढायच्या आधी हब-स्लीव्हवर खूण कर, एकमेकांना घासून बसलेली जोडी असते ती. जुनी सिंक्रो रिंग गिअरच्या कोनवर (शंकूसारखा भाग) दाबून बघ, आतल्या बारीक रेघा गुळगुळीत झाल्या असतील तर ती पकडणारच नाही. तेच तुझं कर्रर्र.

ओव्हरड्राइव्ह_भाऊ

काकांनी सगळं सांगितलंय, मी फक्त ऑईलवर बोलतो कारण माझे हात तिथेच पोळलेत. एका वर्कशॉपला बॉक्स बांधायला दिला, त्यांनी प्रेमाने "चांगलं गिअर ऑईल" म्हणून डिफरन्शियलचं जीएल-५ भरलं. त्यातलं गंधकाचं अ‍ॅडिटिव्ह पितळेला चांगलं नाही आणि सिंक्रो रिंगा पितळी. वर ते ऑईल इतकं निसरडं की रिंग कोनला पकडायलाच तयार नाही, नवीन रिंगा असून गिअर कर्रर्र. कंपनीचं हँडबुक या गाडीला गिअरबॉक्समध्येही इंजिनवालंच २०डब्ल्यू-५० सांगतं, तेच घाल.

आणि हो, कुणी ओव्हरड्राइव्हवाला हे वाचत असेल तर, युनिट गिअरबॉक्सला लावताना आत दोन स्प्लाइन (शाफ्ट अडकायच्या खाचा) असतात, प्लॅनेट कॅरियरचा आणि वन-वे क्लचचा, दोन्ही एका रेषेत आणल्याशिवाय शाफ्ट जात नाही. जात नाही म्हणून नट आवळून ओढायचा मोह होतो. नका ओढू.

टनेलवाली

+१, आणि हाच मोह इंजिनला गिअरबॉक्स जोडताना पण होतो. क्लच प्लेट अलाइनमेंट टूलने मधोमध धर, स्प्लाइनवर ग्रीस अगदी बोटभर, जास्त नाही, जास्तीचं उडून प्लेटवर जातं. चौथ्यात टाक आणि मागचा फ्लँज हाताने थोडाथोडा फिरव, स्प्लाइन जुळले की बॉक्स सुळकन आत जातो, "टक्" असा आवाज येतो. शेवटचा बोटभर गॅप राहिला तर परत मागे घे आणि परत बघ. बोल्टने ओढून बसवलास तर बेलहाउसिंगचा (बॉक्सचा इंजिनला जोडणारा पुढचा भाग) कान तुटतो, आणि बॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर लटकत ठेवलंस तर क्लच प्लेटचा हब वाकतो, मग सगळं परत बाहेर.

इतकं उघडलंच आहेस तर क्रँकच्या टोकातला, इनपुट शाफ्टचं टोक धरणारा छोटा स्पिगॉट बुश, रिलीज बेअरिंग, क्लच प्लेट, इंजिनचं मागचं सील सगळं बघून घे. बुश बसवण्याआधी रात्रभर ऑईलमध्ये बुडवून ठेव. क्लचचं काम वेगळं करायला परत इंजिन काढावं लागतं हे लक्षात असू दे.

जुनं_लोखंड

एक शंका, माझी १९६५ची आहे, पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. हा १९६९सारखा नंतरचा बॉक्स तिला बसेल का?

ले_शाफ्ट_काका

सरळ नाही बसत. चारही गिअरला सिंक्रो १९६७च्या शेवटी मार्क टूला (एमजीबीची पुढची आवृत्ती) आला, तो बॉक्स अंगाने मोठा आहे, त्यासाठी कंपनीने टनेलच रुंद केलं. इंजिनची बॅकप्लेट, फ्लायव्हीलही वेगळं. पहिला टाकताना गाडी पूर्ण थांबव, त्याहून स्वस्त उपाय नाही.

अर्धाइंची_पाना

अपडेट देतो, सात आठवडे लागले, त्यातले तीन पार्टची वाट बघण्यात. काका, ले-शाफ्टवर तुम्ही म्हणालात तसेच खड्डे, एका टोकाला तर पापुद्राच निघालेला, आणि ड्रेन प्लगवर चंदेरी चिखल. दुसऱ्याची रिंग आतून आरशासारखी. तिसरा सुटत होता तो डिटेंटच्या स्प्रिंगमुळे, जुनी नव्यापेक्षा चांगली तीन-चार मिलिमीटर आखूड निघाली, हब ठीक होता. एंड फ्लोट दोन थाऊ आला. एक गोळी अजून कपाटाखाली आहे, फडकं गुंडाळायचं विसरलो.

जोडताना शेवटचा बोटभर अडला होता, बोल्टला हातही लावला होता, मग टनेलवाली ताईंचं आठवलं, मागे घेतलं, फ्लँज फिरवला, टक्.

काल पहिली फेरी. न्यूट्रलला कान लावून बसलो, फक्त इंजिन. दुसरा थंडीतही लोण्यासारखा जातोय. रिव्हर्सचे दिवे मात्र लागत नाहीयेत, वायर टनेल आणि बॉक्सच्या मध्ये चिमटलीय बहुतेक.

टनेलवाली

लिव्हरच्या भोकातून बारीक हात असलेल्या कुणाला तरी घालायला लाव, क्रॉसमेंबर सोडू नकोस. माझा भाचा पाठवू?