मदत हवी आहे: फाशीच्या बाजूने बोलायचंय आणि मलाच ती पटत नाही

मंडळी, वादविवाद स्पर्धेत चिठ्ठी उचलली आणि नेमकी समर्थनाची बाजू आली. 'मृत्युदंड असावा की नसावा', घासून गुळगुळीत झालेला विषय. मी मनाने विरोधातला. शनिवारी सात मिनिटं बोलायचंय.

आत्तापर्यंत तीन मुद्दे जमलेत: फाशीचा वचक बसतो, खुन्याला आयुष्यभर फुकट का पोसायचं, आणि गेलेल्याच्या घरच्यांना न्याय मिळतो. काल ताईसमोर बोलून दाखवलं. ती म्हणाली, "वचक बसतो तर अमेरिकेत खून का होतात रे?" माझी दांडी गुल.

'जशास तसे' सोडून काहीतरी द्या. समोरच्या हुशार माणसाला दोन क्षण थांबावं लागेल असं. आणि पलीकडून सगळ्यात मोठा वार कुठला येईल, तेही सांगा.

आडवाटे:
पोसण्याचा मुद्दा आजच फाडून टाका. अमेरिकेत फाशीचा खटला जन्मठेपेच्या खटल्यापेक्षा महाग पडतो: लांबलेली सुनावणी, अपिलांवर अपिलं, वेगळी कोठडी. शिवाय जेवण परवडत नाही म्हणून माणूस मारा, हे ऐकायलाही कसंतरी वाटतं.

वचकाचा मुद्दा ठेवा, पण सगळा भार त्यावर टाकू नका. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ साली तीन दशकांहून जास्त काळातले अभ्यास तपासले. निष्कर्ष असा की फाशीमुळे खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, यातलं काहीही या अभ्यासांवरून सांगता येत नाही. म्हणजे 'वचक बसतो' हे तुम्हाला ठामपणे म्हणता येत नाही, तसं 'बसतच नाही' हे त्यांनाही म्हणता येत नाही. ताईंचा प्रश्न झणझणीत आहे, पण फाशी नसती तर किती खून झाले असते हे कोण मोजणार?

जुनी_वही:
तुम्हाला हवा तो माणूस म्हणजे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. व्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा मोठा कैवारी, आणि १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत खुनासाठीची फाशी रद्द करायला त्याने विरोध केला. तोही दयेच्या नावाखाली! त्याचं म्हणणं, झटकन येणारा मृत्यू एकीकडे आणि जिवंतपणी थडग्यात कोंडून उरलेलं आयुष्य सक्तमजुरी करणं दुसरीकडे. यात क्रूर कुठलं? फाशी भयंकर दिसते, पण भोगायला कमी क्रूर असते. शिक्षा अशीच असावी, असं तो म्हणतो.

गंमत म्हणजे त्याच्या शंभर वर्षं आधी, १७६४ मध्ये, बेक्कारिया या इटालियन विचारवंताने फाशीच्या विरोधात हाच धागा उलटा विणला होता. फाशी क्षणात संपते, लोक विसरतात. आयुष्यभर राबणारा कैदी डोळ्यांसमोर राहतो, म्हणून वचक त्याचाच जास्त. दोघांचाही हिशेब जन्मठेप हलकी नाही असाच आहे. त्यामुळे 'जन्मठेप ही माणुसकीची शिक्षा' असं पलीकडून आलं की मिल काढा. माझ्या मते इथेच तुमची सात मिनिटं वसूल होतील.

निमूट:
जर्मन तत्त्वज्ञ कांटही बघा. १७९७ मध्ये त्याने लिहिलं की बेटावरचा समाज विसर्जित होऊन सगळे पांगणार असतील, तरी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला आधी देहदंड द्यावा. फायद्यासाठी नाही, त्याने ते ओढवून घेतलंय म्हणून.

धागाकर्ता:
मिल भारी आहे! पण निर्दोष माणूस लटकला तर? तो वार येणारच. फक्त कबुलीजबाब असेल तिथेच फाशी द्या, असं म्हटलं तर?

आडवाटे:
फसाल. टिमथी इव्हान्सला लंडनमध्ये १९५० साली स्वतःच्या लेकीच्या खुनासाठी फाशी दिली. त्याने पोलिसांना कबुली दिली होती. त्याच्याविरुद्धचा मुख्य साक्षीदार म्हणजे खालच्या मजल्यावरचा शेजारी ख्रिस्टी. १९५३ मध्ये त्याच घरात प्रेतं सापडली आणि ख्रिस्टी स्वतःच अनेक खून केलेला निघाला. इव्हान्सला माफी मिळाली १९६६ साली. माफी द्यायला माणूस कुठे होता?

आणि दुसरा वार, जो बहुतेक जण विसरतात: नशीब. १९८२ च्या हरबंस सिंग खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर हेच आलं. एकाच गुन्ह्यात, सारख्याच भूमिकेचे तीन आरोपी. एकाची फाशी आधीच कमी झालेली, एक फासावर गेलेला, तिसऱ्याचं काय करायचं ते ठरायचं होतं. विरोधकांच्या जागी मी असतो तर फक्त हे एवढंच सांगून खाली बसलो असतो.

जुनी_वही:
चूक दुरुस्त होत नाही, या आक्षेपात वजन आहे हे मिलनेही कबूल केलं होतं. त्याची भिस्त इंग्लंडच्या न्यायपद्धतीवर होती. ती आरोपीला झुकतं माप देते, असं तो म्हणाला. इव्हान्स त्याच इंग्लंडातला.

धागाकर्ता:
हे वाचून मी आणखीच विरोधात गेलो, धन्यवाद! :) सात मिनिटांत दोघं बसत नाहीत, कांट गाळतो. इव्हान्सचं नाव मीच आधी घेऊ की त्यांच्यासाठी ठेवू?

आडवाटे:
तुम्हीच घ्या, आणि दुसऱ्याच मिनिटाला. शेवटी घेतलंत तर पकडले गेल्यासारखं दिसेल.