प्रागमध्ये ऑडिओ गाइड लावून फिरताना
प्राग बघायला ऑडिओ गाइड पुरेल की सोबत माणूसच हवा, असा प्रश्न पडतो. माझं मत ऑडिओच्या बाजूने, कारण हवं तिथे हवा तितका वेळ थांबता येतं.

जुन्या शहराच्या चौकात सगळ्यांच्या माना १४१०च्या खगोलीय घड्याळाकडे वळलेल्या असतात. तासाचे ठोके पडताना खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांच्या (शिष्यांच्या) मूर्ती सरकतात, ते बघाच. पण नंतर निवेदन थांबवून टाउन हॉलपाशी फरसबंदीत बसवलेले २७ पांढरे क्रूस शोधा. हाब्सबुर्ग राजघराण्याच्या सत्तेविरुद्धच्या उठावातल्या २७ पुढाऱ्यांना २१ जून १६२१ रोजी याच चौकात देहदंड दिला गेला. लोक नकळत त्यांवरून चालत जातात, मला ते फार लागतं.

चार्ल्स पूल मात्र भल्या पहाटेच गाठा, नंतरच्या गर्दीत धड ऐकूही येत नाही. पुलाचा पाया १३५७चा. तिथले बरेचसे पुतळे आता प्रतिकृती आहेत. नेपोमुक या ख्रिस्ती संताचा, डोक्याभोवती पाच तारे असलेला पुतळा चुकवू नका. १३९३मध्ये या संताला या पुलावरूनच व्ल्तावा नदीत टाकलं होतं.

फाइल आधीच डाउनलोड करून ठेवा. आणि रस्ता ओलांडताना एक कान मोकळा असू द्या, ट्राम येत असतात.