मित्रमंडळी आणि कॅरिबियन जेवण : तुमचे अनुभव

परदेशात राहणाऱ्या आणि फिरून आलेल्या मंडळींनो, मित्रांसोबत कॅरिबियन जेवणाला कधी गेलात का? काउंटरवर ऑर्डर द्यायची आणि कागदात गुंडाळलेलं गरम जेवण घेऊन मिळेल त्या टेबलावर बसायचं, अशा साध्या जागांबद्दल लिहा. काय मागवलं, तिखट सोसलं का, सगळं सांगा. शाकाहारी असाल तर नक्कीच लिहा.

स्कारबरो, टोरांटो

ऑफिसातल्या त्रिनिदादच्या मैत्रिणीने आम्हाला रोटीच्या दुकानात नेलं. बोकडाचा रस्सा, चणे-बटाटा, भोपळा, सगळं तिनेच ठरवलं. दालपुरी पुरणपोळीसारखी लुसलुशीत, फक्त गोड नाही. आत पिवळ्या वाटाण्याची वाटलेली डाळ, लसूण आणि भाजलेलं जिरं. ती एवढी मोठी असते की अख्खा रस्सा तिच्यात गुंडाळून देतात. बोकडाची घेणार असाल तर हाडांसकट की हाडांशिवाय, ते आधी विचारा.

जेवता जेवता ती घरचं सांगत होती. तिचे पूर्वज भोजपुरी मुलखातून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर म्हणून उसाच्या मळ्यांवर गेले. त्या मजुरांचं पहिलं जहाज ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला लागलं, आणि ती तारीख तिकडे सार्वजनिक सुट्टीची आहे. आजीनंतर तिच्या घरात भोजपुरी कोणी बोलत नाही, पण वांग्याचा चोखा अजून होतो, वांगं थेट आचेवर भाजून. मला त्या जेवणाइतकंच तिचं बोलणं लक्षात राहिलंय. आमच्यातल्या एकालाही हा इतिहास शाळेत कोणी शिकवला नव्हता, आणि तो शिकवायला हवा असं मला मनापासून वाटतं.

ब्रिक्स्टन, लंडन

आमच्या घोळक्यात मी एकटीच शाकाहारी. बाकीच्यांनी जर्क चिकन घेतलं. ऑलस्पाइस, थाइम आणि स्कॉच बॉनेट मिरचीचं वाटण लावून निखाऱ्यांवर भाजतात. मला काउंटरवरच्या काकूंनी रास्ताफारी (जमैकातल्या एका धर्मपंथाच्या) पद्धतीचं 'आयटल' ताट सुचवलं. त्यात मांस नसतं, मीठही बहुतेक घालत नाहीत. नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात, वाफवलेली कोबी-गाजराची भाजी आणि तळलेली पिकलेली केळी. मिठाविना जेवण घशाखाली उतरेल का, अशी शंका होती, पण थाइम आणि नारळाने चव पुरेशी येते. शाकाहारी मंडळींनो, राजमा-भातातही काही जण खारवलेलं मांस घालतात, तेव्हा विचारूनच घ्या.

पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदाद

मी कामानिमित्त इथे राहतो, म्हणून उगमाकडची बाजू सांगतो. इथे दोस्तांबरोबर सकाळी डबल्स खायचे: हळद घातलेले दोन मऊ तळलेले बारे (पुऱ्यांसारखे), मध्ये चण्याचा रस्सा, वरून काकडी, चिंचेची चटणी आणि मिरचीचा सॉस. उभ्यानेच खायचे, कागदातून.

रविवारी सहकाऱ्यांसोबत एका छोट्या खानावळीत कॅलालू खाल्लं. अळूची पानं, भेंडी आणि नारळाचं दूध एकत्र शिजवून घोटलेलं. बऱ्याचदा खेकडा घालतात, तोही अप्रतिम लागतो. मी मुंबईचा आहे कळताच शेजारच्या टेबलावरचे आजोबा खुर्ची ओढून आमच्यात येऊन बसले. १९७१ ची भारत-वेस्ट इंडीज कसोटी मालिका त्यांनी इथल्या क्वीन्स पार्क ओव्हलवर पाहिली होती. गावसकरांच्या शेवटच्या कसोटीतल्या १२४ आणि २२० धावा, चार कसोटींत मिळून ७७४, सगळे आकडे तोंडपाठ. वाडेकरांच्या संघाने त्यांच्या संघाला त्यांच्याच घरी हरवलं, त्याबद्दलही ते आदराने बोलत होते. आमचं जेवण कधीच संपलं होतं, पण उठावंसं कोणालाच वाटेना.

ब्रुकलिन, न्यूयॉर्क

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी ईस्टर्न पार्कवेवर कॅरिबियन मिरवणूक असते. ती पाहून नॉस्ट्रँड अव्हेन्यूवर जेवलो, मोठ्या रांगेत उभे राहून. मॅकरोनी पाय, म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, मागवा, मुलांनाही आवडतो. आणि सॉरेल प्याच. लाल अंबाडीच्या बोंडांचं आलं-लवंग घातलेलं सरबत, नाताळात तर घरोघरी करतात. आपल्याकडे विदर्भात अंबाडीची भाजी आणि शरबत दोन्ही माहीत आहेत, त्यामुळे नागपूरच्या मैत्रिणीने पहिल्याच घोटात ओळखलं.

पुन्हा स्कारबरो

तिखटाबद्दल लिहायचं राहिलं. रोटीच्या दुकानातल्या पिवळ्या मिरचीच्या सॉसमध्ये स्कॉच बॉनेट असते. कोल्हापूरचा आमचा मित्रही अर्ध्या चमच्यावर थांबला. ऑर्डर देतानाच 'स्लाइट पेपर' सांगा, म्हणजे बेतानेच घालतात.