स्पॅनिशमधलं 'गुस्तार' कोणी नीट समजावेल का?

सायली_शिकतेय:
स्पॅनिश सुरू केलंय, आत्तापर्यंत सगळं बरं चाललं होतं, यो कोमो म्हणजे मी खाते, यो आब्लो म्हणजे मी बोलते, कर्ता बघून क्रियापदाचा शेवट बदलायचा, आणि मग हे गुस्तार आलं. अर्थ दिलाय आवडणे, मग यो गुस्तो का नाही म्हणत? सगळीकडे मे गुस्ता, मधेच कुठेतरी मे गुस्तान. इंग्रजीतून शिकवणारे सगळे व्हिडिओ सांगतात की वाक्य उलटं करून विचार करा, त्याने तर अजूनच गोंधळ होतोय.

निखिल७:
इंग्रजी बाजूला ठेव आणि थेट मराठीतून बघ, उलटं काहीच करायचं नाहीये. 'मी पुस्तक आवडते' असं कोणी बोलतं का? 'मला पुस्तक आवडतं' म्हणतो ना, तेच ते, मे गुस्ता एल लिब्रो. मे म्हणजे मला. पुस्तकं जास्त असली की आवडतात, तसंच मे गुस्तान लोस लिब्रोस. क्रियापद पुस्तकाप्रमाणे चालतं, तुझ्याप्रमाणे नाही. तुला साठी ते, त्याला-तिला साठी ले, आम्हाला साठी नोस, त्यांना साठी लेस. आणि इथे तर लिंग पण बघायचं नाही, आवडतो, आवडते, आवडतं सगळ्याला एकच गुस्ता. फक्त कृती असेल तर दोन असल्या तरी एकवचनच राहतं, मे गुस्ता कान्तार इ बाइलार, म्हणजे गायला आणि नाचायला आवडतं.

मधुरा_क:
निखिलशी पूर्ण सहमत. भूतकाळात पण हे छान जुळतं, पिक्चर आवडला तर मे गुस्तो (जोर शेवटच्या तो वर), आणि लहानपणी चित्रं काढायला आवडायचं याला मे गुस्ताबा. आवडला आणि आवडायचं यातला फरक आपल्याला आधीच कळतो त्यामुळे इथे घाबरू नकोस. एक गोष्ट मात्र वेगळी, नाव घेतलं तरी ले ठेवावंच लागतं, आ मारिया ले गुस्ता, ते गाळायचं नाही. आणि कोणी मे गुस्ता म्हणालं की मला पण म्हणताना यो ताम्ब्येन नाही, आ मि ताम्ब्येन.

ओंकार_भ:
यो गुस्तो हे रूप अस्तित्वात आहे बरं का, पण अर्थ बदलतो, ते गुस्तो म्हणजे मी तुला आवडतो. माणसांच्या बाबतीत जपून वापर, मे गुस्तास म्हटलं की बहुतेक वेळा प्रेमाचा सूर लागतो. मित्राचा किंवा मैत्रिणीचा स्वभाव आवडतो असं सांगायचं असेल तर मे काएस ब्येन म्हण.

सायली_शिकतेय:
अरे मस्त, आता कळलं!! मग मे दुएले ला काबेसा पण याच पद्धतीचं का?

निखिल७:
हो अगदी, डोकं दुखतंय. पाय दुखत असतील तर मे दुएलेन लोस पिएस, गुस्तानसारखंच अनेकवचन. फक्त आपण 'माझं डोकं' म्हणतो, तिथे माझं हे मे मधेच आलं म्हणून मि काबेसा न म्हणता ला काबेसा. एन्कान्तार म्हणजे खूप आवडणे, तेही असंच चालतं, पण त्याला परत मुचो लावायचं नाही कारण खूप त्यातच आहे. आता या तिघांची दहा-बारा वाक्यं बनवून इथे टाक, आम्ही बघतो.